हमूतालच्या विलापातला शब्द

यरुशलेमजवळच्या मिस्पा गावात कुणी गेलं की घरातलं एक माणूस झऱ्यावर पाण्याला धावायचं आणि दुसरं हमूतालकडे. ती बहुतेक दारातच असायची, मसूर निवडत नाहीतर लोकर कातत. येणाऱ्याचा फाडलेला अंगरखा दिसला की ती सूप बाजूला सारायची, डोईची गाठ सोडून केस मोकळे करायची आणि विचारायची, "कोण गेलं? पिकलेलं की कोवळं?" कोवळं असलं तर आवाज निराळा लावावा लागतो, हे तिला तिच्या आईनं, मिल्कानं, शिकवलं होतं.

हमूताल विलाप म्हणायची. तिची आई म्हणायची, आजी म्हणायची, तशीच तीही. तिच्या मागं चार-पाच बायका असत. ओळीचा पहिला तुकडा हमूतालनं उचलायचा आणि दुसरा त्यांनी खाली ठेवायचा. पहिला तुकडा लांब, दुसरा तोकडा. एक पाय ओढत चालणाऱ्या माणसासारखी ती चाल. "मढ्यामागून कुणी ताठ चालत नाही," मिल्का म्हणायची, "मग गाणं कशाला ताठ चालेल?"

त्या बायकांत सगळ्यात जुनी पुआ. अंगानं आडवी, तोंडानं फटकळ. कुणी म्हणालं, "पुआ, आज मेलेल्याला छान निरोप दिलास," की ती म्हणायची, "मेलेल्याला काय कळतंय? जिवंतांना रडवता आलं पाहिजे. जेवायला तेच वाढतात."

गेलेल्या माणसाच्या नावागावाच्या ओळी हमूताल तिथल्या तिथं जुळवायची. पण थडग्याच्या तोंडाशी पोचलं की शेवटी एकच विलाप व्हायचा, जुना, नगरीचा. बाबेलच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं आणि माणसं दोरीला बांधून नेली, तेव्हा ज्यांना नेलं नाही त्यांनी तो केला होता. मिल्काच्या आजीच्या आजीनं ती रांग रामा गावाच्या रस्त्यावर उभं राहून बघितली होती, असं घरात सांगत. विलापात नगरीला बाई समजून हाक मारलेली होती.

"अत्ती, पोरं गेली दोरीला बांधून, उंबरा मोकळा.
अत्ती, जात्यात दाणे तसेच राहिले, दळणारी नाही."

अत्ती म्हणजे तू, बाईमाणसाला म्हणतात ती तू. मिस्पात तेव्हासुद्धा तसं कुणी बोलत नव्हतं, सगळे नुसतं 'अत' म्हणत. पण विलापात अत्तीच होतं आणि ते तसंच म्हणायचं असायचं. त्या शेवटच्या 'ती'वर आवाज थोडा लांबवता येई, म्हणून ओळीचा पाय तिथं ओढला जाई.

तिसऱ्या ओळीत एक शब्द होता, त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. लहानपणी हमूतालनं आईला विचारलं होतं, "आई, ह्याचा अर्थ काय गं?"

मिल्का म्हणाली, "अर्थ काय म्हणजे? इथं छातीवर हात मारायचा."

एवढंच. त्या शब्दाला सगळ्या बायकांचे हात एकदम छातीवर पडायचे आणि आतापर्यंत दाबून धरलेली माणसंसुद्धा तिथं फुटायची.

हमूतालचा नवरा अक्कूब कुंभार होता. द्राक्षारसाच्या घागरी करायचा, चांगल्या करायचा. त्याच्या घागरीच्या कानावर त्याच्या बापाचा शिक्का उमटलेला असे, जुन्या वळणाची अक्षरं, चिखलात पाखरू चालून गेल्यासारखी. त्यांना मुलगी एकच जगली, तिर्सा. तिचा आवाज आईपेक्षाही चांगला होता. लहान असताना ती आईमागं मर्तिकाला जायची आणि दुसरा तुकडा असा ठेवायची की पुआ म्हणायची, "हिला पुढं उभी करा, आपण मागं बसून अंजीर खाऊ." हमूताल हसायची. तिनं मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं.

मग घागरी न्यायला बिग्वय आला. त्याचं घराणं बाबेलहून परतलेल्यांपैकी, यरुशलेमला राहणारं. मुलगा शांत, कामाचा, बोलायला मऊ. आपली यहूदी बोली तो बोलायचा, पण पाठ केल्यासारखी. एकेक शब्द नीट पुसून ठेवायचा. घरी ते लोक बाबेलकडची अरामीच बोलत. अक्कूबला तो आवडला आणि तिर्सालाही. लग्न झालं. अक्कूब त्यानंतर फार दिवस राहिला नाही. त्याच्या वेळी विलाप तिर्सा आणि हमूताल दोघींनी म्हटला होता, आणि मिस्पातले लोक अजून सांगतात की तसा विलाप पुन्हा झाला नाही.

तिर्सा पहिली मुलगी घेऊन माहेरी आली तेव्हा पोर रांगत होतं. नाव इस्का. तिर्सा तिच्याशी अरामीत बोलत होती. जेवू घालताना, झोपवताना, रागावतानासुद्धा.

हमूतालनं पहिला दिवस ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिर्सा, तिला आपलं काही बोलून दाखवत नाहीस?"

"आई, तिथं सगळं अरामीच आहे. वेशीवर, बाजारात, कचेरीत. सासूबाईंनाही तेच येतं. आपलं बोलून ती काय करणार आहे? कुणाशी बोलणार?"

"माझ्याशी."

"तुझ्याशी मी आहे ना बोलायला," तिर्सा म्हणाली आणि पोरीच्या तोंडाला लागलेलं पुसलं.

पुआ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "राहू दे गं हमूताल. मोठी झाली की कळेल तिला. आजीचं नाही, तर मढ्यांचं तरी ऐकावंच लागेल."

कुणी हसलं नाही. पुआला पहिल्यांदाच आपलं बोलणं अंगावर आल्यासारखं झालं.

इस्का चालायला लागली त्या वर्षी बिग्वयचा थोरला भाऊ दलाया मिस्पाला आला. तो शास्त्री होता, चामड्याच्या गुंडाळ्यांवर पोथ्या लिहिणारा. तेव्हा यरुशलेमात बोलीवरून बरीच रागारागी चालली होती. वडीलधारी मंडळी म्हणत होती की पोरांच्या तोंडात अर्धं समुद्राकडचं अश्दोदी, अर्धं अरामी, आपलं काही उरलंच नाही. ज्या पाचव्या महिन्यात मंदिर जळालं त्या महिन्यातल्या उपासाला लोकांसमोर जुने विलाप वाचायचे, शुद्ध बोलीत वाचायचे, असं ठरलं होतं. आणि मिस्पाचा विलाप कुणाच्याच गुंडाळीत नव्हता.

दलाया रीतीचा माणूस. दारात पायताण काढून आला, पाय धुतले, हमूतालनं दिलेली जवाची भाकरी आणि जैतुनाचं तेल आवडीनं खाल्लं. म्हणाला, "मावशी, तिर्सानं सांगितलं, तुमच्यासारखा नगरीचा विलाप कुणाला येत नाही. मला तो उतरून घ्यायचा आहे. तुम्ही गेल्यावरही तो राहील."

हमूतालला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. तिनं पुआला बोलावून घेतलं, कारण दुसऱ्या तुकड्याशिवाय पहिला तिच्या तोंडून निघत नसे. दोघी केस मोकळे सोडून बसल्या. दलायानं मांडीवर पाटी घेतली, शाई कालवली.

पहिलाच शब्द झाला आणि त्यानं बोरू उचलला.

"अत्ती? मावशी, हे अरामी झालं. अरामीत बायका असंच म्हणतात, जवळजवळ असंच. आपल्या बोलीत 'अत'."

"बोलताना अत. विलापात अत्ती."

"तेच सांगतोय. येता-जाता कानावर पडून अरामी शिरलंय त्यात."

"शास्त्रीबुवा," हमूताल म्हणाली, "माझ्या आईला अरामीतलं 'पाणी दे' पण येत नव्हतं. तिच्या आईनं तर अरामी बोलणारा माणूस बघितला असेल-नसेल."

दलाया नम्रपणे हसला. "रागावू नका. तुमचं म्हणणं खोटं असं मी म्हणत नाही. पण आत्ताच सगळ्यांचा डोळा ह्याच्यावर आहे. उपासाच्या दिवशी भर लोकांत पहिलाच शब्द अरामीसारखा आला तर मला दारात उभं करणार नाहीत."

त्यानं 'अत' लिहिलं. तिसऱ्या ओळीच्या तोंडालाच 'राज्य' ह्या अर्थाचा शब्द आला. विलापात तो जुना होता, ममलाखा. दलायानं मलखूत लिहिलं, कारण हल्ली राजाच्या हुकमात, वेशीवरच्या दवंडीत सगळीकडे तोच ऐकू येतो. हमूताल पुढं म्हणत गेली. मग त्याच ओळीतली ती छातीवर हात मारायची जागा आली. हमूतालनं तो शब्द म्हटला आणि दोघींचे हात छातीवर पडले.

दलाया दचकला. "परत म्हणा."

तिनं परत म्हटला. पुन्हा हात पडले.

"अर्थ काय ह्याचा?"

"इथं हात मारायचा," हमूताल म्हणाली.

"ते बघितलं मी. पण शब्दाचा अर्थ?"

"मला काय विचारता? तुम्ही शिकलेले."

दलायानं तो दोन-तीनदा पुटपुटला, जिभेवर फिरवून बघितला. मग त्याचा चेहरा खुलला. "दरेख असणार! म्हणजे वाट. तोंडातोंडी येऊन झिजलाय. 'वाट शोक करते', बसतंय की बरोबर."

पुआ म्हणाली, "दरेख आम्हालाही ठाऊक आहे हो. रोज झऱ्यावर जातो त्याच वाटेनं. ते असतं तर आम्ही तेच म्हटलं असतं."

"पुआमावशी, लोकांना कळलं पाहिजे. जो शब्द कुणालाच कळत नाही तो देवाच्या दारात घेऊन जाऊन काय करायचं?"

दलायानं लिहिलं. संध्याकाळी निघताना त्यानं हमूतालला पाटी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, पण अक्षरं आपली नाहीत एवढं कळलं. चौकोनी, विटा रचल्यासारखी होती.

"ही कुठली?"

"आता हीच चालतात, मावशी. बाबेलहून आली."

"आणि आमच्या ह्यांच्या घागरीवर आहेत ती?"

"ती आता कोण वाचतं," दलाया म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. जे होतं ते त्यानं सांगितलं.

पाचव्या महिन्यात हमूताल आणि पुआ यरुशलेमला गेल्या. वेशीजवळच्या मोकळ्या जागेत माणूस मावत नव्हतं. ऊन चढलेलं, सगळे उपाशी, गोणपाट नेसलेले. लाकडी माचीवर वाचणारा उभा होता आणि त्याच्या शेजारी आणखी एक जण. वाचणारा ओळ वाचायचा, मग शेजारचा ती अरामीत फोडून सांगायचा, आणि लोक रडायचे ते त्या दुसऱ्याच्या वेळी.

मिस्पाचा विलाप आला. "अत," वाचणारा म्हणाला. ओळ मध्येच तुटल्यासारखी झाली. ओढायला पायच उरला नाही. हमूतालनं पुआकडे बघितलं. पुआनं डोळे मिटून घेतले होते. दुसरी ओळ. तिसरी. "दरेख," वाचणारा म्हणाला.

हमूतालचा हात आपोआप छातीवर पडला, आणि पुआचाही. त्या गप्प गर्दीत दोन धपाटे तेवढे ऐकू आले. बायका वळून बघायला लागल्या. एका तरण्या पोरीनं हसू दाबलं.

"चुकलं," हमूताल म्हणाली. तिला वाटलं आपण मनात म्हणालो. "चुकलं ते! असं नाही!"

मंदिराची सेवा करणाऱ्या लेवींपैकी एका पहारेकऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं. तिर्सानं आईचा दंड धरला. इस्का तिच्या कडेवर होती. "आई, गप बस. सगळे बघतायत. दलायाभावजी समोर उभे आहेत, त्यांची काय शोभा होईल?"

"अगं, पण शब्द..."

"एका शब्दानं काय होतंय, आई!"

मग शेजारच्या माणसानं अरामीत सांगितलं, आणि लोक ढसाढसा रडले. तिर्साही रडली. हमूताल लेकीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

उपास सोडल्यावर तिर्साच्या घरी सगळे बसले होते. दलाया स्वतः उठून हमूतालपाशी आला. "मावशी, तुमच्या मनाला लागलं. पण एक विचारू? तुमच्यानंतर, पुआमावशींनंतर, तुमच्या पद्धतीनं कोण म्हणणार आहे? आहे कुणी?"

हमूतालनं तिर्साकडे बघितलं. तिर्सानं मान खाली घातली आणि पोरीसाठी अंजीर चिरायला घेतलं.

"मग जे राहतंय ते राहू द्या," दलाया म्हणाला. "अर्धं का होईना."

तो बरोबर बोलत होता. हमूतालला त्याचा राग धरायचा होता, पण धरायला जागा सापडेना.

त्यानंतरचं सगळं हळूहळू झालं. गुंडाळीतला विलाप दर वर्षी वाचला जाऊ लागला, लेवी गवयांनी त्याला चाल लावली, सरळ चालणारी. शेतावरच्या बायकासुद्धा ती गुणगुणू लागल्या. मर्तिकाच्या घरी हमूताल अत्ती म्हणून सुरू करायची आणि घरची माणसं एकमेकांकडे बघायची. एकदा एका पोरानं, बाप मेला होता त्याचा, हात जोडून सांगितलं, "काकी, यरुशलेमला म्हणतात तसा म्हणा ना. बाबांना तो आवडायचा." ज्याच्या दारात मढं आहे त्याला नाही कसं म्हणायचं? तिनं म्हटला. पुन्हा एका घरी म्हटला. मागच्या बायकांनाही तोच सोपा पडायचा. त्यातल्या दोघी अश्दोदकडून आलेल्या सुना होत्या, त्यांना अर्थ कळणारे शब्द बरे वाटत. अशी वर्षं गेली.

पुआ गेली ती जैतुनं झोडायच्या दिवसांत. हमूतालनं ठरवलं होतं की हिला जुनाच विलाप द्यायचा. तिनं तो म्हटला, अत्तीपासून शेवटपर्यंत, अक्षर न चुकता. तो शब्द आला, तिनं छातीवर हात मारला. मागून कुणाचा हात पडला नाही. दुसरा तुकडा घ्यायला कुणी नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ अर्धीच राहिली. घरी परत येताना ती एकटीच पुटपुटत आली. तो शब्द कुणी मोठ्यानं म्हटल्याची ती शेवटची वेळ.

पुढं दोन-तीन वर्षांनी तिर्सा तिसऱ्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. बिग्वयनं सकाळीच माणूस पाठवला. हमूताल तेव्हा दारात होती. आलेल्याचा फाडलेला अंगरखा तिनं बघितला आणि सवयीनं केसांची गाठ सोडली. मग तो माणूस कुठून आला ते तिच्या ध्यानात आलं. पिकलेलं की कोवळं, हे तिनं विचारलं नाही.

दुपारपर्यंत ती यरुशलेमला पोचली. तिर्साला तागाच्या कापडात गुंडाळलं होतं. आईनं स्वतःच्या लेकीचा विलाप म्हणायची आमच्याकडे रीत नाही, दुसऱ्या बायकांनी म्हणायचा असतो. पण ती कोण आहे हे सगळ्यांना माहीत होतं, आणि तिनं हात वर केला तेव्हा यरुशलेमच्या बायका बाजूला झाल्या.

थडग्याच्या तोंडाशी तिनं सुरुवात केली. "अत्ती," ती म्हणाली, आणि आवाज लागला. म्हातारपणी लागावा त्याहून चांगला लागला. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीला तिनं हात उचलला आणि तोंडातून आलं, "दरेख."

हात तसाच राहिला.

ती थांबली. पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं. अत्ती, पोरं, दोरी, उंबरा. जातं, दाणे. मग दरेख. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, आईचा चेहरा समोर आणला, पुआचा आणला, त्यांचे ओठ हलताना बघितले. ओठ हलत होते, पण त्यांतून दरेखच येत होतं.

"आई," बिग्वय मागून हळूच म्हणाला, "राहू द्या आता."

यरुशलेमच्या बायकांनी पुढची ओळ उचलली. त्या चांगल्या गात होत्या, एका सुरात, सरळ चालीत. लोक रडले. तिर्साला आत ठेवलं आणि दगड लावला.

सुतकाच्या दिवसांत हमूताल दलायाकडे गेली. तो घरीच बसून होता, दाढी पांढरी झाली होती त्याची.

"शास्त्रीबुवा, त्या दिवशी मी तुम्हाला तो शब्द सांगितला होता. दोनदा सांगितला. तुम्ही ऐकलात."

दलायाला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलते आहे.

"मी तो लिहिला नाही, मावशी. मला वाटलं चूक आहे. चूक कशाला लिहून ठेवायची?"

"लिहिला नाहीत ते ठाऊक आहे. आठवतोय का तेवढं सांगा."

त्यानं खरोखर प्रयत्न केला. डोळे मिटून बसला. "दरेखसारखा होता, म्हणजे मधे 'र' असावा."

"असेल."

"सुरुवातीला 'श' होता?"

"नाही. नसावा."

तो एकेक शब्द म्हणून बघायला लागला, जुन्या गुंडाळ्यांतले, कुठं कुठं एकदाच येणारे. हमूताल मान हलवत गेली. हा नाही. हाही नाही. असे पुष्कळ झाले, आणि मग तिची मान हलायची थांबली. तिला भीती वाटली की मगाशीच कधीतरी खरा शब्द त्याच्या तोंडून येऊन गेला असेल आणि आपल्याला तो ओळखू आला नाही. आता कुठलाही आला तरी तो हाच असं सांगता येणार नाही.

"पुरे," ती म्हणाली.

"मावशी, माझं चुकलं."

"तुम्ही लिहिलंत म्हणून बाकीचं तरी उरलं," ती म्हणाली. हे तिनं त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं वाटून, ते दलायाला कळलं नाही, आणि ती उठली.

तो शब्द मला ठाऊक असता तर मी इथं सांगितला असता. तो कुणालाच ठाऊक नाही. गुंडाळीत दरेख आहे, आणि अजून नवीन उतरून घेणारे तोही आणखी सोपा करतात.

हमूताल त्यानंतर मर्तिकाला गेली नाही. कुणी बोलवायला आलं तर ती सांगायची, "आवाज गेला." आवाज गेला नव्हता, शेजारणी तिला झऱ्याच्या वाटेवर कोकराला हाका मारताना ऐकत होत्या. पण कुणी जास्त विचारलं नाही. विलाप म्हणायला यरुशलेमहून बायका यायला लागल्या.

बिग्वयनं दुसरं लग्न केलं, आणि त्यात काही वावगं नव्हतं. माणूस चांगला. सणावाराला तो इस्काला घेऊन मिस्पाला यायचा, तेल, मसूर, कधी मासे आणायचा. इस्का आता झऱ्यावरून हंडा आणण्याएवढी झाली होती. ती आजीपाशी बसायची. हमूताल तिच्याशी बोलायची, तिर्सा लहानपणी कशी होती, कशी दुसरा तुकडा ठेवायची, कुंभाराच्या चाकाशी बसून काय काय मागायची. इस्का अरामीत काहीतरी विचारायची. हमूतालला त्यातलं एखादं नाव कळायचं, एखादा शब्द. ती अंदाजानं मान डोलवायची आणि कधीकधी अंदाज चुकायचा. पोरगी पाणी मागायची आणि आजी तिला घोंगडी पांघरायची. दोघींच्या मधे जी बोलणारी होती ती थडग्यात होती.

एकदा हमूतालनं तिला जवळ घेऊन विलापाच्या पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. तिसरीवर आली नाही. इस्कानं ऐकलं, आणि मग लहान मुलं करतात तशी खुशीत येऊन तिसरी ओळ स्वतःच पूर्ण केली, उपासाच्या दिवशी ऐकलेली, स्वच्छ आवाजात. आवाज थेट तिर्साचा होता. हमूतालनं तिचे गाल कुरवाळले आणि आत जाऊन बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली.

ती गेली थंडीत. दोन दिवस शेजारणीनं धूर निघालेला बघितला नाही म्हणून कळलं. बिग्वय आला, सगळं रीतीनं केलं, अक्कूबच्या शेजारी ठेवलं. यरुशलेमच्या बायका आल्या होत्या. त्यांनी नगरीचा विलाप म्हटला, गुंडाळीतला, आणि मिस्पाचे लोक म्हणाले की छान म्हटला.

शोकाच्या जेवणाला बसल्यावर शेजारणीनं इस्काला जवळ ओढलं. ती बाई थोडं अरामी शिकली होती. "आजी तुझ्याशी इतकं बोलायची, गं. काय सांगायची?"

इस्कानं भाकरीचा तुकडा मोडला. "मला कळायचं नाही," ती म्हणाली. "मी हो म्हणायचे."